विश्लेषण : साके नव्हे, मधाचे मद्य! कारखान्यात जाऊन ‘टेस्टिंग’ करता येते. पण परतताना गाडी कोण चालवणार?

लोणावळ्याचा वीकेंड म्हणजे भुशी धरण, चिक्की आणि घाटातली कोंडी, हे समीकरण आता जुने झाले. मद्य जिथे तयार होते तिथे जाऊन प्रक्रिया पाहायची, चव घ्यायची, अशा सहलींकडे पर्यटक वळत आहेत. जपानमध्ये साकेचे कारखाने त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पुणे जिल्ह्यात त्याच्या जवळ जाणारा अनुभव मिळतो तो मावळाला लागून असलेल्या मुळशी तालुक्यात, पिरंगुट परिसरात. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी उभारलेली ‘मूनशाइन मीडरी’ ही देशातील पहिली मीडरी म्हणून ओळखली जाते. मीड म्हणजे मध आंबवून केलेले मद्य.

साके आणि मीडमध्ये फरक काय?

मुळात साकेची ‘डिस्टिलरी’ नसते. साके आंबवतात, त्याचे ऊर्ध्वपातन करत नाहीत. कोजी नावाची बुरशी तांदळातील स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या पारंपरिक कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ‘गिंजो’ प्रतीच्या साकेसाठी तांदळाचा किमान ४० टक्के दाणा घासून काढतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ही शुद्ध नासाडीच वाटेल.

मधात साखर आयतीच असते. पण त्यात पाणी साधारण २० टक्क्यांहून कमी असल्याने यीस्टला वाढता येत नाही; म्हणूनच बरणीतला मध सहसा आंबत नाही. त्यात पाणी मिसळले की यीस्टचे काम सुरू होते. एवढे सोपे वाटले, तरी घरी प्रयोग नको. विनापरवाना मद्यनिर्मिती हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९च्या कलम ६५नुसार गुन्हा आहे.

‘थोडीशी चव’ म्हणजे किती?

खरी मेख इथे आहे. राज्यात मद्यप्राशनासाठी परवाना लागतो (एका दिवसाचाही मिळतो) आणि बीअर-वाइनसाठी किमान वय २१ आहे, हे अनेकांना ठाऊक असते. रक्तातील मर्यादेचा हिशेब मात्र क्वचितच कुणी करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

आता गणित पाहा. ६.५ टक्के तीव्रतेच्या ३३० मिलिलिटर मीडमध्ये सुमारे १७ ग्रॅम अल्कोहोल असते. ७० किलो वजनाच्या पुरुषाने ते झटपट घेतले, तर ढोबळ हिशेबाने रक्तातील पातळी ३५ मिलिग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे एकाच बाटलीत मर्यादा ओलांडली! स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने त्याच वजनाला ही पातळी आणखी वर जाते. चार-पाच प्रकारांची चव घेताना प्रत्येक ग्लास लहान असतो, पण बेरीज तीच होते.

लिंबूपाणी, कॉफी, भरपेट जेवण यांनी रक्तातील अल्कोहोल उतरत नाही. यकृत तासाला साधारण १० ते १५ मिलिग्रॅमच कमी करते. जगभरातले व्यावसायिक चवपारखी त्यामुळेच घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. ते जमणार नसेल, तर न पिणारा चालक निघण्यापूर्वीच ठरवावा लागतो.