फिरणारं लोखंड: फुलसावंगीच्या हेलिकॉप्टरमधून काय शिकायचं?

आपल्या नगर जिल्ह्यात फॅब्रिकेशनचा नाद असलेली पोरं गावोगावी आहेत. कोणी घरीच कडबाकुट्टी बनवतंय, कोणी जुन्या बाईकच्या इंजिनावर काहीतरी फिरवतंय. आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी.

यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तिथला 24 वर्षांचा एक तरुण, शिक्षण आठवीपर्यंत, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा. कपाटं, कूलर बनवता बनवता त्याने एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवायला घेतलं. इंजिन मारुती 800 चं. दोनेक वर्षं तो त्यासाठी खपला. ऑगस्ट 2021 मध्ये एका रात्री जमिनीवरच चाचणी चालू होती. शेपटाकडच्या छोट्या पंख्याचं पातं तुटलं आणि वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं. तो मोठा पंखा आत बसलेल्या या तरुणाच्या डोक्याला लागला. तो वाचला नाही.

अशा वेळी लोक पटकन म्हणतात, "शिक्षण नव्हतं, मग कशाला हे उद्योग?" मला ते पटत नाही. पातं इंजिनिअरने बनवलेलंही तुटतं. मोठ्या कंपन्यांत ते तुटणारच असं धरून चाचणी घेतात आणि तेव्हा जवळ माणूस ठेवत नाहीत. खरा धडा इथे आहे.

आता गणित बघू. समजा, पातं अर्धा किलोचं आहे, त्याचं वजन शाफ्टपासून 30 सेंटीमीटरवर आहे आणि वेग मिनिटाला 1000 फेरे. पात्याच्या बुडावर साधारण 170 किलोची ओढ येते. वेग 2000 केला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. म्हणजे जवळपास 670 किलो! अर्ध्या किलोच्या पत्र्याला! म्हणून "काल तर मस्त फिरलं" याला फारसा अर्थ नाही. काल वेग कमी असेल.

दुसरी गोष्ट वेल्डिंगची. वेल्ड वरून कितीही सुबक दिसला तरी त्याच्या कडेला धातू तापून बदललेला असतो. प्रत्येक फेऱ्यात तिथे ताण येतो-जातो. केसाएवढी चीर पडते, हळूहळू वाढते आणि एक दिवस न सांगता तुकडा सुटतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच.

मग करायचं काय?

पहिलं: पहिल्या चाचणीला मशीनवर किंवा मशीनजवळ कोणीही नको. मशीन जमिनीला घट्ट बांधा, स्विच लांब वायरवर भिंतीआड घ्या.

दुसरं: वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. प्रत्येक टप्प्याला बंद करा, पूर्ण थांबू द्या, बोल्ट आणि वेल्ड तपासा.

तिसरं: पाती वजनाला सारखी हवीत. थरथर वाढली की तिथेच थांबा. "वेगात गेल्यावर बसेल" असं म्हणू नका.

चौथं: डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायला डाय पेनिट्रंट वापरा. तीन स्प्रे असतात: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. जादाचा लाल रंग पुसून पांढरा मारला की चिरेत शिरलेला रंग रेघ होऊन वर येतो.

पाचवं: गार्ड. हेलिकॉप्टर कोणी रोज बनवत नाही, पण ग्राइंडर रोज हातात असतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11 हजार फेरे घेतो. म्हणजे डिस्कची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर पळते. ती फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. तरी पहिल्याच दिवशी गार्ड काढून ठेवणारे कितीतरी दिसतात. डिस्कवर कमाल वेग आणि एक्सपायरी छापलेली असते, तीही वाचा.

स्वप्न बघू नका असं मी अजिबात म्हणत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात एका कारागिराने भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. तिचं कौतुक आनंद महिंद्रांपर्यंत पोचलं. पण जीप बिघडली की बहुतेक वेळा रस्त्यात थांबते. पंखा बिघडला की तुकडे फेकतो. आपलं मशीन यातलं कुठलं आहे, हे कटिंगला बसण्याआधी ठरवा.

आणि एक सोपी सवय लावा. पातं किंवा डिस्क ज्या रेषेत फिरते, ती रेष खडूने जमिनीवर दोन्ही बाजूंना ओढा. मशीन चालू असताना त्या रेषेवर कोणी उभं राहायचं नाही. तुम्ही नाही, मोबाईलवर शूटिंग करणारा मित्रही नाही.