आवडलेलं गाणं आणि उमजलेलं गाणं

“गाणं येतं का?” हा प्रश्न तुम्हांला शेवटचा कधी विचारला गेला होता, आठवतंय? आपल्यापैकी कितीतरी जणींना तो आयुष्यात एकदाच विचारला गेला, आणि तोही समोरची मंडळी कांदेपोहे खात असताना! ‘मुलगी गाते’ हे वाक्य त्या काळी ‘शिवणकाम येतं’, ‘स्वयंपाक येतो’ यांच्याच रांगेत बसायचं. त्यासाठी आईवडील हौसेनं संध्याकाळच्या क्लासला घालायचे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांना बसवायचे. लग्न ठरलं की त्या गाण्याचं काम संपलं. पेटी माहेरी राहिली, नाहीतर सासरच्या माळ्यावर गेली. आणि पुढे “तुला काय ऐकायला आवडतं गं?” असं विचारणारं घरात कुणी उरलं नाही.

मग त्या मुलीची आवड तिथेच गोठली का? नाही हं! ती बदलत राहिली, फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही. कधी कधी तिच्या स्वतःच्याही नाही.

रेडिओ असायचा बाहेरच्या खोलीत. त्याचा कान पिळायचा अधिकार सासऱ्यांचा, नाहीतर नवऱ्याचा. आपल्यापर्यंत गाणं यायचं ते भिंतीपलीकडून, फोडणीच्या आवाजातून आणि कुकरच्या शिट्टीतून गाळून. असं अर्ध्या कानानं ऐकण्याला जाणकार मंडळी नाकं मुरडतात. पण मला विचाराल तर तीही एक शाळाच होती. तेच गाणं वर्षानुवर्षं रोज कानांवर पडायचं. रॉबर्ट झायॉन्क नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली एक निबंध लिहिला. एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती हळूहळू आवडू लागते, असं त्यानं त्यात दाखवून दिलं. घरातल्या मोठ्यांच्या अभंगांचं आणि नाट्यपदांचं तसंच झालं. सुरुवातीला ‘काय हे रडगाणं’ वाटायचं, आणि एक दिवस पोळ्या लाटताना आपणच ते गुणगुणत होतो.

परंतु सवयीनं आवडणं वेगळं आणि उमजणं वेगळं. माझा सारा रोख ह्या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

गीतरामायणाचंच घ्या. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्यातलं पहिलं गीत लागलं आणि वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन गीतं झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. शाळकरी वयात आपण त्यातल्या नाचऱ्या चालींवर खूश होतो. लग्नानंतर, विशेषतः पहिल्या एक-दोन वर्षांत, वनात सोडलेली सीता लक्ष्मणाला जे विचारते ते गीत लागलं की हातातलं काम थांबायला लागलं. आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी? आमच्या शेजारच्या एक बाई. मुलगा अमेरिकेला गेला त्या आठवड्यात त्यांनी रामाला अडवणाऱ्या कौसल्येचं गीत ऐकलं. “इतकी वर्षं हे पाठ होतं हो मला, पण हे आईचं गाणं आहे, हे आत्ता कळलं,” म्हणाल्या. त्या गाण्यातला एक स्वर बदललेला नव्हता.

ह्या बाईंची गोष्ट इथे संपत नाही. प्रवेशिका पूर्ण झालेल्या, दाखवण्याच्या दिवशी गायलेल्या, आणि त्यानंतर तीस वर्षं बारशाच्या पाळण्याखेरीज काही न म्हटलेल्या! मुलगा गेल्यावर दुपार मोकळी पडली. त्यांनी मोबाइलवर किशोरी आमोणकरांचा भूप लावला. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत बंद केला. “फार सावकाश आहे, कंटाळा आला,” असं सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. असं करता करता आठवडा गेला आणि त्यांना क्लासमधल्या मास्तरांचे शब्द आठवले: सा रे ग प ध, मध्यम-निषाद वर्ज्य.

आता इथे जरा थांबते, कारण गंमत इथेच आहे. भूपाचे हे पाच स्वर आहेत ना, तेच पाच स्वर देशकार रागाचे. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, देशकार सकाळी. भूपात मुक्काम गंधारावर, देशकारात धैवतावर. साहित्य तेच, तरी पदार्थ निराळा! रव्याचा आपण शिरा करतो आणि उपमाही करतो, तसं म्हणा हवं तर. ‘भाभी की चूड़ियां’ (१९६१) मधलं लताबाईंचं पहाटेचं गाणं सगळ्याजणींनी ऐकलं असेल. संगीत पुन्हा आपल्या सुधीर फडक्यांचंच. ते गाणं ह्याच पाच स्वरांच्या कुळातलं. शेजारच्या बाईंना हे एके दिवशी भांडी विसळताना आपसूक ध्यानात आलं. धावत माझ्याकडे आल्या, हात ओलेच! पन्नाशी उलटलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार क्वचित पाहिला आहे.

“त्यांनी क्लास केला होता, आमचं काय?” असं कुणी म्हणेल. त्यासाठी कुमार गंधर्वांची हकिगत सांगावीशी वाटते. लहानपणापासून मैफली गाजवलेला हा गायक. ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं. १९४८च्या सुमारास हवापालटासाठी मध्य प्रदेशातल्या देवासला जाऊन राहिले. पत्नी भानुमतीबाई शुश्रूषेला. एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गायची मनाई. जो माणूस गाण्यासाठीच जन्माला आला, त्याला नुसतं पडून ऐकायचं! आणि कानांवर काय पडायचं? माळव्यातल्या बायकांची गाणी. लग्नातली, सणावारांची, वेगवेगळ्या ऋतूंतली. ह्या बायकांनी कुठली परीक्षा दिली होती? पण त्या साध्या धुनांमध्ये रागांची बीजं आहेत, असं कुमारांना दिसत गेलं. बरे होऊन ते पुन्हा गायला लागले तेव्हा त्या धुनांतून उगवलेले नवे राग घेऊन आले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ ह्या पुस्तकात त्यांनी आपल्या बंदिशी छापल्याही.

त्यांनी बालगंधर्वांच्या गाण्यावर एक कार्यक्रम केला, त्याचं नाव होतं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘आवडलेले’ म्हटलं नाही, पाहा! महाराष्ट्राला बालगंधर्व आवडत होतेच. त्यांच्या गाण्यात नेमकं काय आहे हे इतक्या मोठ्या गवयालाही बसून उमजून घ्यावंसं वाटलं.

मुलांच्या गाण्यांबद्दलही दोन शब्द. आपण त्याला ‘धांगडधिंगा’ म्हणतो ना? १९५२ साली त्या वेळचे माहितीमंत्री केसकर यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद पाडली होती, कारण तीही अभिरुची बिघडवणारी! लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ साली विविध भारती सुरू झाली. म्हणजे आज ज्या गाण्यांना आपण डोळे मिटून ‘सोन्याचा काळ’ म्हणतो, ती कुणाच्या तरी लेखी धांगडधिंगाच होती. सोळा ते पंचवीस ह्या वयात कानी पडलेली गाणी माणसाला जन्मभर चिकटतात. मुलांना त्यांची चिकटू द्या. मात्र संध्याकाळचा अर्धा तास घरात तुमचं गाणं लागेल, हेही एकदा सांगून टाका. आमच्याकडे ह्यांना तलत महमूदपलीकडे गाणं नाही. त्यांचा तलत सकाळी, माझी वेळ साडेसहाची. थोडी कुरकुर झाली, आता बसलंय अंगवळणी.

त्या अर्ध्या तासात काय ऐकावं? रोज नवं शोधू नका. हल्ली फोनवर बोट फिरवलं की पुढचं गाणं, त्यामुळे एकही धड ऐकलं जात नाही. जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांतच सगळं आटपावं लागे. तेव्हाच्या गायकांनी त्यात राग कसा मांडला, हेही ऐकण्यासारखं आहे, आणि नवख्या कानाला ते सोपंही जातं. एकच रेकॉर्ड आठवडाभर लावा. विलंबित ख्यालात तबल्याचं आवर्तन मोजायचा सुरुवातीला हट्ट नको. गाणारी फिरून जिथे येते आणि आपली मान आपोआप हलते, ती सम. झिम्मा खेळलेल्या बाईला ती शिकवावी लागत नाही.

आणि सुरुवातीला एक नाव सुचवते, माणिक वर्मा. त्यांची भावगीतं आणि भक्तिगीतं तुम्हांला पाठच असतील. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ह्यांच्याकडे शिकलेल्या माणिकताई ख्यालही तितकाच सुंदर गायच्या. आवाज ओळखीचा असल्यामुळे परक्या घरी गेल्यासारखं होत नाही. आधी त्यांचं एखादं आवडतं भावगीत लावा, आणि ते संपल्यावर लगेच त्यांचाच एखादा ख्याल. भावगीतात ओळीच्या शेवटी त्या जी छोटीशी मुरकी घेतात ना, ती ख्यालात कुठे भेटते, तेवढंच पाहा.