दान घेण्याआधीचा ठराव

गटातल्या कर्जाबद्दल, हप्त्यांबद्दल आपण नेहमी बोलतो. आज जरा उलटा विषय घेऊ. कुणी आपणहून द्यायला आले, तर काय करायचे?

इथे पिंपळे सौदागरला आमच्या गटांनी मिळून एक संस्था नोंदवली आहे. पाळणाघर आणि मुलींची अभ्यासिका ती चालवते. दोन वर्षांमागे गावठाणातल्या एक आजी बैठकीला आल्या. रुमालात बांधलेल्या पाटल्या त्यांनी पुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "हे घ्या. माझी खोलीबी तुमच्या नावावर करून घ्या. माझ्यामागं तिथं पोरी शिकतील." सगळ्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी कागद करायचे ठरत होते. तेवढ्यात आमच्या खजिनदारबाईंनी विचारले, "आजी, मग तुम्ही राहणार कुठं?" आजी गप्प झाल्या. आम्हीही.

देणाऱ्याचे मन मोठे असले तरी घेणाऱ्याने नियम आधी लिहून ठेवलेले असावेत, हे आम्हाला त्या दिवशी कळले. दाता दारात उभा असताना नियम करायला बसले, की एक तर भिडेने हो म्हटले जाते, नाही तर त्याला अपमान वाटतो. म्हणून पुढचे तीन महिने आम्ही वकीलबाईंना आणि सीएंना विचारत एक ठराव लिहून काढला.

पहिला भाग आजींमुळेच आला. बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसमोर होते, त्याची नोंदणी करावीच लागते आणि त्या दिवसापासून घर दुसऱ्याचे होते. पुढे मन बदलले म्हणून ते सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार लागतात, पण नोंदणीची सक्ती नाही. ते शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते आणि तोवर घर आपलेच राहते. त्यामुळे आमचा नियम असा, की जिला एकच छप्पर आहे तिच्याकडून ते बक्षीसपत्राने घ्यायचे नाही. तिला मृत्युपत्र सुचवायचे. त्यासाठी वकील तिने स्वतःचा निवडायचा आणि साक्षीदार संस्थेतले नकोत. घरच्यांना कळवायचे की नाही, हे तिने ठरवायचे. आम्ही मात्र तिला दोनदा वेगवेगळ्या दिवशी, एकटीला भेटून विचारतो. नातेवाईक उद्या म्हणतील, बायांनी म्हातारीला भुलवले. तसे म्हणायला जागा राहता कामा नये.

काय घ्यायचे नाही, हेही लिहिले. नोंदणी नसलेल्या बचत गटाच्या नावावर खोली चढत नाही. ती नोंदणीकृत संस्थेलाच घेता येते. शेतजमीन तर बिगरशेतकऱ्याला, म्हणून संस्थेलाही, सहसा परवानगीशिवाय बक्षीस देता येत नाही. शिवाय संस्थेच्या नावावर आलेली स्थावर मिळकत विकायची झाली, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. पट्टी, वीजबिल, गळके छप्पर हे सगळे त्या दानाबरोबर येते. ते झेपणार नसेल तर हात जोडून नाही म्हणायचे. सोने आम्ही घेतो, पण सांभाळत नाही. वजन करून पावती द्यायची, तीन जणींसमोर विकायचे आणि पैसे बँकेत भरायचे. वस्तूच्या दानावर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही, आणि रोख दान दोन हजारांच्या वर गेले तर त्यालाही मिळत नाही. हे आधीच सांगितले तर नंतर रुसवे होत नाहीत.

अटींवर आमचे सर्वांत जास्त भांडण झाले. काही जणींचे म्हणणे, अट घालणाऱ्याचे दान घ्यायचेच नाही. ते आम्हाला पटले नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला १५ लाखांचे दान देऊ केले. त्यांनीही अटी घातल्या होत्या. त्यातली एक अशी, की विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचे नाव द्यावे. एसएनडीटी म्हणून ते नाव आजही आपल्या तोंडी आहे, आणि त्या नावाने बायकांच्या शिक्षणाच्या कामाचे काही बिघडले नाही. भिंतीवर नाव लावा, ही अट चालते. पण "माझ्या नातवाला नोकरी द्या" किंवा "अमक्या जातीच्या मुली घेऊ नका" असे कुणी म्हटले, तर दान परत.

त्या दानातली आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. विद्यापीठाला वर्षाला ५२,५०० रुपये मिळायचे होते. म्हणजे १५ लाखांवर साडेतीन टक्के. मुद्दल मोडायचे नाही आणि व्याजावर काम चालवायचे, अशी ही रीत. देवस्थानातल्या कायम ठेवीही अशाच असतात. पण व्याज घटते आणि महागाई वाढते. आमच्याकडे एका ताईंनी २०,००० रुपयांची ठेव बक्षिसासाठी दिली होती. नऊ टक्क्यांनी १,८०० यायचे, त्यात दोन मुलींची पुस्तके व्हायची. साडेसहा टक्क्यांवर १,३०० आले आणि पुस्तके महागली. आता एकीचीही नीट होत नाहीत. म्हणून व्याजातला दहावा हिस्सा परत मुद्दलात घालायचा, असे ठरवले. करसवलत टिकवायची तर संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्च करावे लागतात. दहावा हिस्सा त्यात बसतो. मुद्दल कायम ठेवा, असे दात्याचे लेखी पत्र मात्र हवेच. नाही तर ते साधे उत्पन्न धरले जाते.

पैसा ठेवायचा कुठे? धर्मादाय कायद्याने शेड्यूल्ड बँक, पोस्ट, शासनमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे अशी ठिकाणे दिली आहेत. दुसरीकडे गुंतवायचे तर परवानगी लागते. कुणाच्या भावाच्या पतसंस्थेत एक टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवायचे नाही. बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आपल्या पिंपरीतल्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ साली रद्द केला, तेव्हा हा विमा काय असतो ते बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळले. आम्ही एका बँकेत पाच लाखांच्या वर ठेवत नाही, आणि ठेव मोडायला तीन सह्या लागतात.

आजींच्या पाटल्या आम्ही तेव्हा घेतल्या नाहीत. ठराव झाल्यावर त्यांनीच निरोप पाठवला. एक पाटली दिली, दुसरी आजारपणासाठी ठेवली. खोलीचे मृत्युपत्र त्यांनी स्वतःच्या वकिलाकडून केले. त्यात काय लिहिले, हे आम्ही विचारले नाही. रोज दुपारी त्या अभ्यासिकेत येऊन बसतात आणि पंखा उगाच चालू राहिला की बंद करतात.