आवेचा अमिबा आणि मुंबईचे चुंबक

पावसाळा लागला की दवाखान्यात सकाळी पहिला रुग्ण बहुधा पोट धरूनच येतो. "डॉक्टरसाहेब, मुरडा येऊन रायला, आव पडून रायली." यंदा असेच एक शेतकरी काका आले. सोबत बी.एस्सी.ला असलेला मुलगा. शौचाच्या तपासणीत रक्तपेशी गिळलेला अमिबा दिसला, तेव्हा निदानाला शंका उरली नाही. मी मेट्रोनिडाझोल लिहून दिले. मुलाने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "सर, हीच गोळी तुम्ही आमच्या आजोबांनाही दिली होती. तेव्हापासून नवीन काहीच निघालं नाही का?"

प्रश्न खोचक होता, पण रास्त होता.

मेट्रोनिडाझोल अमिबावर १९६० च्या दशकापासून वापरात आहे. औषध गुणी आहे, पण तोंड कडू पडते, मळमळते आणि गोळ्या चालू असेपर्यंत दारू वर्ज्य. (ही शेवटची अट आमच्याकडे किती पाळली जाते, ते विचारू नका.) दोन दिवसांत मुरडा थांबला की गोळ्या फडताळात जातात. शिवाय आतड्यात कवच करून बसलेल्या अमिबावर या गोळीचा जोर चालत नाही. त्यासाठी मागाहून डायलोक्झानाइड घ्यावे लागते. ते बहुतेकांचे राहूनच जाते. हाच अमिबा पुढे रक्तावाटे यकृतात पोचला तर तिथे गळू होते. ताप आणि उजव्या बरगडीखालच्या दुखण्याने वाकलेला रुग्ण मला दर एक-दोन वर्षांनी पाहावा लागतो.

नवे औषध हवे तर अमिबाच्या अंगातले असे प्रथिन हेरावे लागते, ज्याच्यावाचून त्याचे अडते. आणि त्या प्रथिनाचा आकार माहीत हवा. कुलूप न पाहता किल्ली कशी घडवणार?

असे एक काम आपल्याच राज्यात झाले आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे १९८० च्या दशकात एनएमआरची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. डॉ. गिरजेश गोविल, डॉ. चारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील डॉ. आलोक भट्टाचार्य यांच्यासह अमिबाच्या एका प्रथिनाचा आकार शोधला आणि २००१ साली प्रसिद्ध केला. हे प्रथिन कॅल्शियम धरून ठेवते.

एनएमआर म्हणजे काय? नागपूरला जाऊन एमआरआय काढून आलेल्यांना ते अर्धे ठाऊक आहे. तत्त्व तेच: हायड्रोजनचे अणुकेंद्र इवल्याशा चुंबकासारखे वागते, त्याला मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी डिवचले की ते उत्तर देते. फरक इतकाच की इथे माणसाऐवजी बोटाहून बारीक काचनळीत पाण्यात विरघळलेले प्रथिन ठेवतात, आणि चुंबक फार जबरदस्त असते. एमआरआयचे चुंबक सहसा १.५ टेस्लाचे, तर ५०० मेगाहर्ट्झच्या एनएमआर यंत्राचे सुमारे ११.७ टेस्लाचे.

पण यात फोटो निघत नाही, अंतरे कळतात. दोन हायड्रोजन एका मिलिमीटरच्या सुमारे वीस लाखाव्या भागाइतके जवळ असले तर एकमेकांची चाहूल देतात. समजा, तुम्ही यवतमाळ जिल्हा कधी पाहिलाच नाही. पण दारव्हा ते दिग्रस, दिग्रस ते पुसद, पुसद ते उमरखेड, उमरखेड ते घाटंजी अशी शेकडो अंतरे कुणी सांगितली. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर नकाशा जुळेलच. प्रथिनाचा नकाशा संगणक असाच जुळवतो. ही युक्ती झुरिकच्या कुर्ट व्यूट्रिख यांची. १९८० च्या दशकात त्यांनी पहिला आकार काढला तो वळूच्या वीर्यातल्या प्रथिनाचा. २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

अमिबाच्या त्या प्रथिनात १३४ अमिनो आम्ले निघाली. दोन गोळे, मध्ये लवचीक दुवा आणि कॅल्शियमसाठी चार खोबणी. आता अडचण पाहा. आपल्या पेशींतही कॅल्मोड्युलिन नावाचे १४८ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे आणि त्याचीही घडण अशीच, दोन गोळे नि चार खोबणी. अमिबाचे प्रथिन बंद पाडणारे औषध आपल्या कॅल्मोड्युलिनलाही चिकटले तर रोग्याचेच हाल. म्हणून दोन्हींतले बारीक फरक कळणे मोलाचे. पुढच्या संशोधनात असेही दिसले की हे प्रथिन तयार होऊ दिले नाही तर अमिबाची वाढ खुंटते, आणि भक्ष्य गिळण्याच्या कामातही त्याचा हात असतो. काकांच्या तपासणीतल्या अमिबाने रक्तपेशी गिळल्या होत्या, ते हेच काम.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे कुलूप दिसलं, किल्ली नाही." मी हो म्हटले. या प्रथिनावरचे औषध अजून दुकानात आलेले नाही.

काका एवढा वेळ घड्याळाकडे पाहत होते. बस निघायची होती. मी मुलाच्या हातावर दोन्ही औषधांच्या तारखा लिहून दिल्या, पहिले कधी संपवायचे आणि दुसरे कधी सुरू करायचे. दोन्ही औषधे संपल्यावर काका आले ते मुरड्यासाठी नाही, गुडघ्यासाठी. डायलोक्झानाइडचे रिकामे पाकीट खिशातून काढून त्यांनी आधी टेबलावर ठेवले, "पोराने आणायला लावलं."