जुनी आलिशान एसयूव्ही घेण्यापूर्वी

बेंगळुरूत सात-आठ वर्षे जुनी आलिशान एसयूव्ही एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळू शकते. शोरूममधून निघताना पन्नास लाखांची असलेली गाडी चौदा लाखांत दारात उभी राहणार म्हटल्यावर मन हलणारच. वाहनकर्जासाठी येणारे खातेदार आम्हाला बहुधा एवढेच विचारतात, "भाव बरोबर आहे ना?" भाव बरोबर असतोही. पण वर्षे उलटतात तशी गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चौदा लाखांना घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला की बिल पन्नास लाखांच्या गाडीचे येते. त्यामुळे गाडी किती भरवशाची आहे, हा प्रश्न जितका मेकॅनिकचा तितकाच तुमच्या पासबुकाचाही आहे.

मॉडेलचा भरवसा बाजारभावातच दिसतो. टोयोटा फॉर्च्युनर २००९ पासून भारतात विकली जाते आणि बेंगळुरूजवळच्या बिडदी येथे तयार होते. लाखभर किलोमीटर झालेल्या फॉर्च्युनरलाही चांगला भाव येतो, कारण तिचे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात गावोगावी मिळतात. तेवढ्याच वयाच्या जर्मन किंवा ब्रिटिश गाडीची मूळ किंमत जास्त असूनही ती वेगाने उतरते. त्या गाड्या वाईट असतात असे नव्हे. पुढे येणारा दुरुस्तीचा खर्च बाजाराने आधीच वजा केलेला असतो, आणि तो तुमच्या वाट्याला येणार असतो.

कंपनी देशात आहे का, हेही पाहा. शेवरोलेची भारतातील विक्री २०१७ मध्ये थांबली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. फोर्डने सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहण्याचे सांगितले होते आणि एन्डेव्हर आजही रस्त्यावर भरपूर दिसतात. तरीही अशी गाडी घेण्यापूर्वी चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडे तीन गोष्टींची चौकशी करा : हेडलॅम्प, एसी कॉम्प्रेसर आणि पुढच्या सस्पेन्शनचा संच. प्रत्येकाची किंमत किती आणि मागवल्यावर किती दिवसांत येतो, एवढे विचारले तरी पुरे. याच चेसिस नंबरवर कंपनीचा एखादा रिकॉल बाकी आहे का, तेही विचारून घ्या. रिकॉलचे काम फुकट होते.

"फक्त चाळीस हजार किलोमीटर"

हे वाक्य बेंगळुरूत फार ऐकू येते, आणि त्याला फार भुलू नये. सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन चालू असते, क्लच आणि गिअरबॉक्स झिजत असतात, मीटर मात्र हलत नाही. डिझेल गाडीत आणखी एक अडचण असते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये, आणि त्याआधीच्याही काही आलिशान गाड्यांमध्ये, धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. गाडी महामार्गावर एकसारख्या वेगाने चालली की ही काजळी आपोआप जळते. घर ते ऑफिस एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती साचत जाते. म्हणून बेंगळुरू-बेळगाव अशा फेऱ्यांत नव्वद हजार किलोमीटर झालेली गाडी चाळीस हजार झालेल्या 'सिटी' गाडीपेक्षा उजवी ठरू शकते. अर्थात मीटर खरा असेल तर! तो सर्व्हिसच्या नोंदींशी, वर्षनिहाय, ताडून पाहा.

तपासणीला स्वतंत्र मेकॅनिक न्या. विकणाऱ्याचा नको. त्याची फी काही हजार होईल, ती द्या. आदल्या रात्रीपासून गाडी चालू न करता ठेवायला सांगा आणि सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करून घ्या. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी राहून एखाद्या कोपऱ्यात खाली बसली असेल, तर तिथली हवेची रबरी पिशवी गळत आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चढावर, अगदी संथ गतीने आणि रिव्हर्समध्ये चालवून पाहा. हिसका असेल तर तिथे जाणवतो. गाडीला कॉम्प्युटर लावून जुने दोष वाचता येतात. दोष नुकतेच पुसलेले असतील तर तेही कळते, कारण गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या तेव्हा 'अपूर्ण' दिसतात. टायरवर चार आकडी तारीख असते. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. मोठ्या चाकांचे चार टायर एकदम बदलावे लागले तर एका महिन्याचा पगार जाऊ शकतो.

सप्टेंबर २०२२ च्या पावसात आउटर रिंग रोड, बेळ्ळंदूर आणि सर्जापूर रस्त्याच्या भागात तळघरांतील महागड्या गाड्या बुडाल्या. त्या वेळी सुमारे ११ लाखांच्या एका हॅचबॅकला दुरुस्तीचा अंदाज २२ लाखांचा आल्याची बातमी देशभर गाजली होती. विम्याच्या नियमानुसार दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी पूर्ण नुकसान झालेली मानली जाते. अशा गाड्या भंगार म्हणून लिलावात जातात. त्यांतील काही दुरुस्त होऊन, चकाचक होऊन, दुसऱ्या शहरात विक्रीला उभ्या राहतात. ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर किंवा जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवला की ही काळजी फक्त बेंगळुरूची नाही हे कळेल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, तळाशी चिखलाची रेघ असते. सीटचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डा गंजला आहे का, तेही बघा. आत अत्तराचा घमघमाट असेल तर जरा जास्तच वाकून पाहा.

विम्याचा कागद यापेक्षाही जास्त बोलतो. पाच वर्षे दावा न केलेल्या मालकाला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. सात वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर तो शून्य दिसला, तर अलीकडे दावा झाला आहे किंवा पॉलिसी मध्ये खंडित झाली होती. मात्र हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुन्या गाडीवरचा बोनस तो या गाडीवर आणू शकतो, म्हणून नुसता ५० टक्के पाहून निर्धास्त होऊ नका. विमा कंपनीकडून दाव्यांचा तपशील मालकालाच मागवायला सांगा.

महिन्याचा हिशेब

समजा, मूळ किंमत ५० लाख, आता मागणी १४ लाख. तुमचे ६ लाख आणि ८ लाखांचे कर्ज, १२ टक्के दराने, चार वर्षांसाठी. हप्ता सुमारे २१,०७० रुपये. महिना हजार किलोमीटर, लिटरला १० किलोमीटर आणि इंधन १०० रुपये धरले तर १०,००० रुपये. विम्याचे महिन्याला ३,५०० धरू. सर्व्हिस, टायर आणि दुरुस्तीसाठी मी मूळ किमतीच्या तीन टक्के दरवर्षी धरायला सांगतो, म्हणजे दीड लाख, महिन्याला १२,५००. हा नियम कुठे छापलेला नाही, माझा अंदाज आहे. पण तो १४ लाखांवर न काढता ५० लाखांवर काढायचा, हे महत्त्वाचे. एकूण सुमारे ४७,००० रुपये होतात. यात मोठा बिघड धरलेला नाही. त्यासाठी दीड-दोन लाख वेगळे असावेत, आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव त्यात मोजू नये.

आज तुमच्या प्रवासावर ७,००० जात असतील तर उरलेल्या ४०,००० चे सहा महिन्यांचे आवर्ती खाते उघडा. एकही हप्ता न चुकता भरला गेला तर गाडी झेपेल, आणि हाताशी २,४०,००० रुपये असतील. दोन हप्ते चुकले तर उत्तर फुकटात मिळाले.

विमा आहे, मग काळजी कशाला, असे काही जण म्हणतात. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या वाहन विम्यात येतच नाही. पाण्यात गाडी चालू केल्याने इंजिन गेले, तर वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले असावे लागते. अपघातातही पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के आणि प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो. घसारा माफ करणारी जोड-पॉलिसी जुन्या गाडीला अनेकदा मिळत नाही. म्हणजे बंपरचे निम्मे पैसे तुमचे.

आपल्याकडे बरेच जण पुण्याला नातेवाइकांकडे गेले की तिकडची एमएच पासिंगची गाडी पाहून येतात, कारण तिथे ती स्वस्त दिसते. ती बेंगळुरूच्या पत्त्यावर तुमच्या नावे करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि कर्नाटकचा आजीवन कर लागतो. हा कर देशातील चढ्या करांपैकी आहे. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी आलिशान गाडीला लाखांत जाऊ शकतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण कागद आणि फेऱ्या लागतात. सौद्याआधीच आरटीओतून आकडा काढून आणा.

भाव करताना आणखी एक गोष्ट हाती ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या एसयूव्हींवरचा कर ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. विकणारा जुन्या शोरूम किमतीवरून भाव सांगत असेल तर त्याला हे सांगा.

आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बाकीची रक्कम मालकाच्या हातात न देता थेट त्या कर्जखात्यात भरा आणि बँकेची एनओसी व फॉर्म ३५ मिळेपर्यंत उरलेले पैसे थांबवून ठेवा. इसारा रोखीने देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरकाचा प्रीमियम भरायची तयारी ठेवा. त्याचा फास्टॅग त्यानेच बंद करायचा, तुम्ही आपल्या नावाचा नवा लावायचा.