काटवट आणि खाडा

खानावळीचा जीव मागच्या खोलीत असतो. पुढे चार बाकडी, पाण्याचा जग, भिंतीवर देवाचा फोटो. मागे काटवटीशी बसलेली घरातली बाई. ज्वारीचं पीठ ती तळहाताच्या मुळाने रगडते, कडेला चीर पडायची थांबेपर्यंत. थापलेली भाकरी तव्यावर पडली की तिच्यावरून पाण्याचा हात फिरतो, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटावी लागते. गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो, यात घाई चालत नाही. लातूरजवळच्या आमच्या मुरुडच्या रस्त्यावर आणि लातूरच्या गल्ल्यांत घरगुती खानावळी टिकल्या त्या या काटवटीवर.

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १९११मध्ये मुरुडवरून लातूरला पोचली. लातूरची अडत वाढली, तसे घर सोडून आलेले हमाल, गुमास्ते, बदलीचे मास्तरही वाढले. पुढे अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’ने गावोगावची पोरं आणली. त्यांच्यासाठी कुणाच्या तरी चुलीवर चार ताटं जास्तीची वाढली, की झाली खानावळ.

तिचा कारभार एका वहीवर चालतो. महिन्याचे पैसे आगाऊ, चुकलेल्या जेवणाचा खाडा. सांगून गेलात तर खाडा धरायचा. न सांगता गेलात तर ताट तुमच्या नावावर. रविवारी दुपारी गोडधोड, रात्री चूल बंद. परीक्षा संपली की खाडे वाढतात आणि शिजवायचा अंदाज कोलमडतो. म्हणून पिशवी खांद्याला दिसली की काकू विचारतात, ‘‘कुठं निघालास रे?’’ त्या प्रश्नात हिशेब असतो आणि काळजीही. खानावळवाल्यांची पोरंही त्याच पातेल्यातली येसर आमटी खातात. माझ्या लेखी यापेक्षा मोठी खात्री नाही.

काही खानावळींनी धरलेली दारूची वाट निराळी. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. इकडे तो १९५९च्या विस्तारानंतर लागू झाला. पुढे परवान्यांचे दिवस आले आणि ‘परमिट रूम’च्या पाट्या लागल्या. खानावळीत राबणाऱ्या काही घरांनी ती पाटीही लावली. त्यात पैसा जास्त. पण तिथे घरातली बाई सहसा काटवटीवरून उठते आणि पगारी आचारी येतो. मला हे नुकसान मोठं वाटतं. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितली. अंतराची अट पुढे सैल झाली, तरी एप्रिल २०१७ला रस्त्यालगतच्या कितीतरी बारना कुलपं लागली. ज्या गावांत बायांनी दारूबंदीच्या मतदानात ‘आडव्या बाटली’वर शिक्के मारले, तिथली कुलपं त्यांच्या हातची. त्यांच्या बाजूने मी आजही आहे.

खानावळीची खरी परीक्षा घेतली ती पाण्याने. एप्रिल २०१६च्या दुष्काळात मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे मुरुडवरूनच लातूरला गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. १९११ची गाडीही मुरुडवरूनच आली होती. आता रूळ रुंद झालेले. त्या उन्हाळ्यात पोरं गावी परतली, वहीत खाडेच खाडे. माझ्या ओळखीच्या एका खानावळीत ताटं धुवायला पाणी नव्हतं, म्हणून पत्रावळी आल्या. टँकरचं पाणी भरलं की काकू आधी भाकरीपुरतं पितळी तपेल्यात काढायच्या, वर झाकण ठेवायच्या, आणि मग बाकीच्या घागरी मोजायच्या.