फ्रीझरमध्ये हंगामातलं उत्तम तेच

बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या आमच्या घरी फ्रीझरचा एक नियम आहे: उरलंसुरलं तिथे जात नाही. पौषात मटार गोड आणि स्वस्त असतो, तेव्हा तो ताजाच आत जातो. टोपलीत चार दिवस सुकलेला मटार त्याच दिवशी भाजीत संपवायचा. थंडी कुठल्याही पदार्थाला सुधारत नाही. आहे तसा धरून ठेवते. ताजं ठेवलं तर ताज्याच्या जवळचं परत मिळतं, शिळं ठेवलं तर शिळंच.

बऱ्हाणपुरात हा विचार करावाच लागतो. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी आणलेली पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. हिवाळ्यात मात्र मेथी, मटार, फ्लॉवर, गाजर, तुरीच्या शेंगा यांनी बाजार ओसंडतो. आमच्या आयाबायांनी इथल्या उन्हालाच कामाला लावलं आणि गच्चीवर वाळवणं घातली. मेथी, गवार, मिरच्या, सगळं वाळवून डब्यात भरलं. गोठवण्यामागचं तत्त्वही तेच आहे. जंतूंना वाढायला पाणी लागतं. वाळवणात ते उडून जातं, फ्रीझरमध्ये त्याचा बर्फ होतो आणि जंतूंच्या उपयोगाचं राहत नाही. पण गोठल्याने जंतू मरतातच असं नाही, ते नुसते थांबतात. म्हणून भाजी आधी स्वच्छ धुतलेली हवी आणि बाहेर काढल्यावर ताटकळत ठेवायची नाही.

माझ्या शेजारणी विचारतात, “काकू, आमचा मटार महिन्या-दोन महिन्यांत पिवळट का पडतो? गवतासारखा वास का येतो?” भाजी तोडली तरी तिच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, काम करतच राहतात. थंडीत ती मंदावतात, थांबत नाहीत. रंग आणि चव हळूहळू खातात. त्यांना थांबवायला उष्णता लागते. म्हणून बहुतेक भाज्या गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढायच्या. मटाराला दीड मिनिट पुरे. गाजराच्या तुकड्यांना 2 मिनिटं, फरसबीला आणि फ्लॉवरच्या तुऱ्यांना 3 मिनिटं. फ्लॉवर त्याआधी मिठाच्या पाण्यात ठेवावा, म्हणजे अळ्या निघून येतात. वेळ संपली की भाजी लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची आणि तितकाच वेळ गार होऊ द्यायची, नाहीतर ती आतल्या आत शिजत राहते. मग सुती कापडावर पसरून नीट कोरडी करायची. हिरवी मिरची आणि चिरलेला कांदा यांना उकळत्या पाण्याची गरज नाही.

यानंतर महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेग. सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे खडे होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात आणि भाजी बाहेर काढल्यावर पाणी सोडून लिबलिबीत होते. झटपट गोठलं तर खडे बारीक राहतात. क्लॅरन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन माणसाने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लाब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत हे पाहिलं. तिथले इन्युइट लोक पकडलेला मासा बाहेरच्या हवेत क्षणात गोठवत आणि कित्येक आठवड्यांनी शिजवला तरी तो ताज्यासारखा लागे. त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली आणि 1930 च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेले मासे, मांस, भाज्या आणि फळं विक्रीला आली.

घरी यंत्र नसलं तरी त्याचा धडा घेता येतो. कोरडा मटार ताटात एका थरात पसरायचा आणि ताट तसंच फ्रीझरमध्ये ठेवायचं. दाणे सुटे, कडक झाले की पिशवीत भरायचे, हवा दाबून काढायची, वर नाव आणि तारीख लिहायची. हवा राहिली तर भाजी कोरडी पडून पांढुरकी होते. एका दिवशी फार टाकू नये. फ्रीझरच्या 30 लिटर जागेला साधारण एक किलो. जास्त कोंबलं तर सगळंच सावकाश गोठतं.

आता आमच्या भागाचे खास जिन्नस. खानदेशी भरिताची वांगी हिवाळ्यात उत्तम मिळतात. ती कच्ची गोठवू नयेत. नेहमीसारखी निखाऱ्यावर भाजायची, साल काढायची, गर गार करून एका जेवणापुरता डब्यात भरायचा. भाजताना विकरांचं काम संपलेलंच असतं, म्हणून वेगळं उकळावं लागत नाही. उन्हाळ्यात हिरवी मिरची आणि लसूण ठेचून त्या गरात घाला. कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत खाताना भाजल्याचा वास जाणवतो.

सीताफळ दसरा-दिवाळीच्या सुमारास येतं आणि बघता बघता संपतं. त्याचा गर शिजवला की कडवट होतो, म्हणून त्याचा आंब्यासारखा मुरांबा करून चालत नाही. त्याला थंडीच मानवते. पिकलेल्या फळाचा गर हाताने काढावा, बिया फुटू देऊ नयेत, कारण त्या विषारी असतात. थोडी साखर आणि लिंबाचे चार थेंब घालून लहान डब्यांत भरावा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांतला आमरसही असाच ठेवते. डबा भरताना वर बोटभर जागा सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं.

आणि केळी! बऱ्हाणपूर जिल्ह्याची ओळख केळीच. केळं सालीसकट फ्रिजमध्ये ठेवलं की साल काळी पडते आणि लोक ते फेकतात. साधारण 13 अंशांखालची थंडी केळ्याच्या सालीला सोसत नाही, पण पिकलेल्या केळ्याचा आतला गर चांगला असतो. तेव्हा पिकलेली केळी सोलून, चकत्या करून ताटात गोठवा. मिक्सरमध्ये फिरवल्या की आइस्क्रीमसारखा घट्ट गोळा होतो. साखर लागत नाही.

काकडी, मुळा, कलिंगड, कच्चा बटाटा यांच्या वाटेला जाऊ नये. पाणीदार फळभाजीचा करकरीतपणा बर्फाने मोडतोच. टोमॅटोचंही तसंच, पण रस्सा-वरणात करकरीतपणा कुणाला हवा? तिथे तो गोठवलेला बिनधास्त वापरावा, नळाखाली धरला की सालही सुटते.

आपला फ्रिज काय करू शकतो हेही ओळखावं. खरा फ्रीझर उणे 18 अंशांवर असतो. त्यात भाजी आठ-दहा महिने चांगली राहते. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा सहसा तितका थंड होत नाही, तिथलं काही आठवड्यांतच संपवावं. वीज गेली तर दार उघडू नये. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. आणि स्वयंपाकाच्या वेळी मटार वितळवत बसू नका. गोठलेलाच फोडणीत घाला.

या थंडीचं मोल कळायला थोडं मागे जाऊ. आमच्या शहराजवळचा असीरगड किल्ला अकबराने 1601 मध्ये घेतला. त्याच बादशहाच्या दरबारातल्या अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवलंय की शोऱ्याने पाणी गार करत आणि उत्तरेच्या पहाडांतून लाहोरला बर्फ आणत. एका पेल्याच्या गारव्यामागे इतकी माणसं राबत. आज तशी थंडी आपल्या स्वयंपाकघरात विजेच्या बिलावर मिळते. ती कालच्या पोळ्या आणि आमटीच्या वाट्या साठवण्यात घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

या हिवाळ्यात एकच जिन्नस निवडा. आवक भरपूर असेल त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन किलो मटार जास्त घ्या, घरातल्या सगळ्यांना सोलायला बसवा आणि संध्याकाळपर्यंत तो फ्रीझरमध्ये जाऊ द्या. भाव उतरलेला असतो तेव्हाच माल सर्वांत चांगला असतो. शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं तेही त्याच दिवशी.